बुंदी की वेफर

जो मृत्यूकडे पाहून हसतो, त्याला मृत्यूच घाबरतो, असं मी पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिल्यापासून अख्ख्या बुऱ्हाणपूरला सांगतो आहे. रात्री मात्र दिवा चालू ठेवूनच झोपतो.

आज रिपोर्ट घ्यायला निंबोल्याहून मेहुणा योगेंद्र सोबत आला होता. दवाखान्याच्या बाकावर मी त्याला म्हटलं, "माझ्या तेरवीला बुंदी भरपूर कर रे, लोकांनी नावं ठेवायला नकोत."

"तुमच्या तेरवीला बुंदी?" योगेंद्र म्हणाला. "जिजाजी, घरच्या केळीचे वेफर बस झाले तुम्हाला!"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

मग डॉक्टरांनी एकट्या योगेंद्रला आत बोलावलं. तो बराच वेळ आलाच नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं तोंड उघडायच्या आत मी घाईघाईनं विचारलं, "काय मग शेठ, बुंदी की वेफर?"

माझ्याकडे न बघता त्यानं माझी पिशवी उचलली.

"तुम्ही म्हणाल तसं, जिजाजी."



माझ्या लग्नापासून मेहुण्यानं आज पहिल्यांदाच माझा मान राखला.