तीन ठिकाणी

"पुसून टाका म्हनलं ना, म्याडम. समदं. आजच्या आज."

राम पुन्हा तेच म्हणाला आणि तनुजाचं डोकं सणकलं. औरंगपुऱ्यातल्या आपल्या माडीवरच्या स्टुडिओत ती एडिटिंगला बसली होती. आणि हा फुलंब्रीकडचा मेंढरं राखणारा गडी चपला दाराबाहेर काढून आत आला होता आणि तिलाच तिची फिल्म पुसायला सांगत होता. त्यातही नेमकी सुकेशनीची मुलाखत. म्हणजे याच्याच बायकोची.

त्या मुलाखतीवर तर सगळी फिल्म उभी होती. सुकेशनी कॉलेजला जात असताना गावातल्या एका पोरानं चोरून तिचा व्हिडिओ काढला होता आणि गावभर फिरवला होता. कॉलेज सुटलं. बापानं घाईघाईनं लग्न उरकून टाकलं. पुढं किती वर्षं ती त्यावर चकार शब्द बोलली नाही. बोलली ती पहिल्यांदा तनुजाच्या कॅमेऱ्यापुढं. आणि आता तिचा नवरा उगवला होता. नेहमीचंच हे. बाई बोलायला लागली की घरातल्या पुरुषाच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

"तुमची अब्रू जाते का त्यात?" तनुजा कडाडली. "त्या पोराला कधी जाब विचारलात? नाही ना? मग माझ्यापुढं कशाला मर्दुमकी दाखवता?"

रामनं एकदा खिडकीतून खाली पाहिलं. तिचा पारा आणखीच चढला. तिनं टेबलावरची डिस्क उचलून त्याच्यापुढं धरली. मागं एकदा अशीच एक डिस्क बंद पडली आणि एका लग्नाचं सगळं शूटिंग त्यात बुडालं. दुधानं तोंड पोळल्यापासून तनुजा ताकही फुंकून पीत होती. शूटिंग तीन ठिकाणी ठेवल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड ती रिकामं करत नसे, आणि या शिस्तीचा तिला भारी अभिमान होता.

"ही घ्या. फोडा, पाटा-वरवंटा आणून देऊ का? दुसरी कॉपी त्या कपाटातल्या सर्व्हरवर आहे. तिसरी माझ्या माहेरी, देवगाव रंगारीला. आणि इंटरनेटची नवी फायबर लाइन घेतलीय मी. सगळी फिल्म दिल्लीच्या चॅनेलला पोचली, इथं चहा उकळेपर्यंत. कुठं कुठं पुसत फिरणार आहात?"

"मी नाय म्हनत, म्याडम," राम हळूच म्हणाला. "तीच म्हनती. खाली रिक्षात बसलीय."

"बसलीय नाही. बसवलीय म्हणा."

तनुजा तरातरा जिना उतरली. तिनं मनाशी सगळं ठरवूनच टाकलं होतं. आधी बिचारीला धीर द्यायचा, हाताला धरून वर आणायचं आणि या बाबाला वाटेला लावायचं. वेळ पडली तर पोलिसांत जायचं.

रिक्षावाला समोरच्या टपरीवर गेला होता. सुकेशनी मागच्या सीटवर ताठ बसली होती. रडत मात्र नव्हती.

"घाबरू नकोस. काय धमकी दिली त्यांनी तुला?"

"कोन धमकी देतंय?" सुकेशनी म्हणाली. "मीच धाडलं त्यायला. मी वर आले असते तर तोंडातून वाईट निघालं असतं. तुमी काय म्हनला होता, ताई? गावोगावच्या बायांच्या बैठकीत दाखवू. बायाबायांतच राहील. व्हय का नाय?"

"हो, पण..."

"मग माझं तोंड मोबाईलात कसं आलं? परवा स्टँडवर एक पोरगं आडवं आलं. मोबाईल दावला अन् म्हनतंय, व्हिडिओवाली ती तूच का? लोक इसरले होते, ताई. लई वर्सांनी इसरले होते. तुमी पुन्ना आठवन करून दिली."

गेल्या आठवड्यात फिल्मची छोटी झलक तनुजानंच इंटरनेटवर टाकली होती. हजारो लोकांनी पाहिली म्हणून ती दोन दिवस हवेत होती. तिचा राग अजून उतरला नव्हता. फक्त आता तो काढायचा कुणावर, ते तिला कळेना.

"अगं, तुझ्यासारख्या पोरींच्या भल्यासाठीच केलं ना मी..."

"भलं करायचं तर इचारून करायचं." सुकेशनीचा आवाज पहिल्यांदा चढला. "तीन जागी ठिवलं म्हनं. वरून तुमी वरडत होता, समदं ऐकू आलं. एका जागी ठिवताना तरी मला इचारलं का?"

तनुजाला स्वतःची लाज वाटली. मनापासून वाटली. तिनं तिथंच फोन काढून झलक काढून टाकली. "डिस्क, सर्व्हर, माहेरचं, सगळं आजच पुसते," ती म्हणाली. "तुझी शपथ."

"अन् दिल्लीचं?"

चॅनेलनं फिल्मची तारीख जाहीर केली होती. आत्ता एक फोन करून ती थांबवता आली असती. पण मग तिथं तिला परत कुणी दारात उभं केलं नसतं. एवढ्या वर्षांच्या धडपडीनंतर कुठं तिचं नाव होऊ घातलं होतं. तनुजानं हातातल्या फोनकडं पाहिलं आणि तो पर्समध्ये ठेवला.

"ते पुढं गेलं गं आता. माझ्या हातात काही राहिलं नाही."

सुकेशनीनं पदर सावरला. जिन्याशी उभ्या असलेल्या नवऱ्याला तिनं बसायची खूण केली.

"मी पाया पडले तवा व्हिडिओ काढनारा त्यो पोरगाबी असंच म्हनला होता," ती म्हणाली.