देवीचा वाटा

लॉरी चालवायला नुकताच शिकलेला गोमाजी महाडच्या बंदरावर सकाळपासून घुटमळत होता. मीठ भरावं, तांदूळ, की कौलं? मिठानं पत्रा गंजायचा, तांदळाची पोती गळायची, म्हणून त्यानं कौलं धरली.

पोलादपूरच्या घाटाखाली उघड्यावर बसलेल्या देवीला जो तो आपल्या मालातला वाटा ठेवी. गोमाजीनं कौल ठेवलं, तसा बैलगाडीवाला धाकूतात्या हसला, "देवी काय कौल खायाची हाय?"

तेव्हापासून दर खेपेला एक कौल ठेवून गोमाजी घाट चढे, पण जीव थाऱ्यावर नसे. आज पाहतो तर आधीची कौलं जागेवर नाहीत. हातातलं कौल तसंच धरून तो देवीभोवती शोधू लागला.

 

"वर बघ रे!" देवीवर नव्यानं घातलेल्या वाशांवरून धाकूतात्यानं हात पुढे केला. "एकाच कौलाची जागा राह्यलीय."