फक्त हवेवर बोला

"वय नाही, पगार नाही, मुलंबाळं नाहीत, धर्म नाही, राजकारण नाही," मुलीने लिफ्टमध्ये पुन्हा एकदा बजावलं. "आणि बाबा, गेलेल्या माणसाचा विषय तर अजिबात काढू नका. इथे ते फार वाईट दिसतं."

"मग उरलं काय?"

"हवा. फक्त हवेवर बोला."

बिजागऱ्यांचा कारखाना आता मुलगीच चालवत होती. परदेशातली ही एवढी ऑर्डर हातची गेली, तर अर्धी यंत्रं बंद ठेवावी लागणार होती. म्हणून म्हाताऱ्याने मान डोलावली. पण तो काही ऑर्डरसाठी एवढ्या लांब आला नव्हता. इथला थोरला मालक, त्याचा तीस वर्षांपासूनचा दोस्त, हिवाळ्यात वारला होता. तो कसा गेला, एवढंच त्याला विचारायचं होतं.

खोली तीच होती, खिडकीपाशी टेबलही तेच. याच टेबलाशी बसून दोघांनी, दोघांनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत, नको ते सगळे विषय मनसोक्त चघळले होते. दोस्त दारातूनच ओरडायचा, "अजून मेला नाहीस?" मग पोटाच्या तक्रारी, बायकांच्या तक्रारी, कुणाचा देव बरा यावरून कडाक्याचं भांडण. जेवायची वेळ झाली की मालाच्या भावाचं काय ते दोन वाक्यांत उरकायचं. काय दिवस होते ते!

आता समोर दोस्ताचा मुलगा बसला होता, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावून. शेजारी त्याचा मॅनेजर.

"तुमचे वडील..." म्हाताऱ्याने तोंड उघडलं. टेबलाखाली मुलीने त्याचा पाय दाबला. "...म्हणजे, इथली हवा छान आहे."

"तुमच्या घरी..." धाकटा मालक म्हणाला. मॅनेजर खाकरला. "...हो, हवा बरी आहे यंदा."

म्हणजे तिकडेही शिकवणी झाली होती तर!

थोड्या वेळाने हवाही संपली. काहीतरी करायचं म्हणून धाकट्या मालकाने नमुन्याची बिजागरी उचलली, कानाशी नेली आणि डोळे मिटून हळूच उघडली, मिटली, उघडली. थेट बाप करायचा तशी. म्हाताऱ्याला भडभडून आलं. त्याने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"शेवटी फार त्रास झाला का हो त्याला?"

मॅनेजर जोरात खाकरला. मुलीने कपाळाला हात लावला. ऑर्डर गेली, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

धाकट्या मालकाने बिजागरी खाली ठेवली आणि गळ्याचं बटण काढलं.

"हे मला अजून कुणीच विचारलं नाही," तो म्हणाला. "सगळे येतात आणि हवेवर बोलून जातात. नाही, त्रास नाही झाला. तुमची फार आठवण काढायचे. शेवटी शेवटी तर रोज एकच चौकशी. त्या बिजागरीवाल्याची लेक संसार मोडून घरी आली होती, ती आता नीट जेवते का?"

आता मॅनेजरही खाकरला नाही. मुलगी बापाकडे वळली.

"बाबा, हे तुम्ही इथे येऊन सांगितलंत?" तिने आपल्या भाषेत विचारलं.

"मग कुठे सांगणार होतो?" म्हातारा म्हणाला. "घरी तर तो विषय काढायचाच नाही."

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि धाकट्या मालकाला विचारलं, "आणखी काय काय विचारायचे ते माझ्याबद्दल?"