हिरवा चौकोन

चौकोन पुन्हा भलतीकडेच जाऊन बसला. आधी सिस्टरच्या पाठीवर, मग यंत्राच्या आकड्यांवर.

त्याने काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि कॅमेरा परत छातीशी धरला. काचेपलीकडे, मागच्या रांगेतल्या पेटीत त्याची कालच जन्मलेली मुलगी होती. डोळ्यांवर पट्टी, नाकात नळी, गालांवर चिकटपट्ट्या, भुवयांपर्यंत ओढलेली टोपी. मोबाईलमध्ये ती नुसता ठिपका दिसत होती, म्हणून मेहुण्याचा लांबचं जवळ आणणारा कॅमेरा मागून आणला होता.

"भाऊजी, यात डोकं लागत नाही," मेहुण्याने शिकवलं होतं. "बटण अर्धं दाबायचं. चेहरा कुठे आहे ते तो आपणच शोधतो. चौकोन हिरवा झाला की पूर्ण दाबा, काम फत्ते."

डोकं लागत नाही हे बरंच होतं, कारण सकाळपासून त्याचं चालतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, "आम्ही प्रयत्न करतोय. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा." ती कशी ठेवतात, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं होतं. बायको वरच्या मजल्यावर होती. टाके ओले, रक्तदाब चढलेला. मुलगी तिने अजून पाहिलीच नव्हती. आणि सासूबाईंनी जिन्यातच गाठून बजावलं होतं, "आज तिच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही, जावईबापू. हसतमुखाने फोटो दाखवा. बाकीचं उद्या बघू."

तो काचेला आणखी चिकटला.

"दादा, काचेला टेकू नका," आतून सिस्टरने खुणावलं.

तो मुकाट्याने मागे सरला. डोक्यावरची ट्यूबलाइट काचेत चमकत होती. आतला उजेड मंद होता. त्याने बटण अर्धं दाबलं. चौकोन भटकला, लाल झाला, विझला. त्याने परत दाबलं.

तेवढ्यात मुलीने मूठ उघडली. नखाएवढी बोटं हवेत हलली, काहीतरी धरायला गेली आणि रिकामीच मिटली. सकाळपासून त्याने दातांखाली दाबून ठेवलेलं सगळं त्या क्षणी सुटलं. तो रडला. आवाज नाही, नुसतं तोंड वेडंवाकडं करून.

आणि कॅमेरा टुक् करून वाजला. चौकोन हिरवा! त्याने घाईघाईने बटण पूर्ण दाबलं. इवल्याशा पडद्यावर पेटी दिसली, टोपी दिसली. आला एकदाचा. त्याने नळावर तोंड धुतलं, उसनं हसू चेहऱ्यावर चढवलं आणि तो वर गेला.

सासूबाई उशाशी बसल्या होत्या. बायकोने आधी हातच पुढे केला.

"बघ, कशी गाढ झोपलीये," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, चिवट आहे. आईवर गेलीये."

बायकोने पडदा नाकाशी धरला. "धूसर आलीये रे."

"छे! चौकोन चांगला हिरवा झाला होता."

"थांब, मला तिची बोटं बघू दे." भावाचा कॅमेरा तिच्या सवयीचा होता. तिने फोटो मोठा करायचं बटण दाबलं. ते दाबलं की कॅमेऱ्याने स्वतः जिथे नेम धरला होता, नेमका तोच भाग पुढ्यात येतो.

ती बघत राहिली. बराच वेळ. त्याला ते हसू पेलवेना.

"दे, मी परत काढून आणतो," तो म्हणाला.

तिने कॅमेरा दिला नाही, नुसता त्याच्याकडे वळवला. पेटी, नळ्या, टोपी, सगळं धुक्यात गेलं होतं. त्यावर काचेत पडलेला त्याचा स्वतःचा चेहरा होता, पापण्या मोजाव्यात इतका स्पष्ट. कॅमेऱ्याला तिथे तेवढा एकच चेहरा सापडला होता.

"अगं, पुरुषमाणूस, पहिलंच बाळ, येतं डोळ्यांत पाणी," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"आई, हे आनंदाचं रडणं नाही," ती म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "चाकाची खुर्ची आण."

तो दाराकडे गेला, थांबला, सासूबाईंकडे बघू लागला. त्या वाट अडवून पलंगापुढे उभ्या राहिल्या होत्या.

"वेडी आहेस का? उठलीस तर टाके तुटतील."

तिने चादर बाजूला केली आणि पाय खाली सोडले.

"टाके परत घालता येतात, आई."