पुढची चाकं

डावा दिवा लागला आणि गोदूने तोंड फिरवलं.

"लागला बघा, काकी!" ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घातलेला हिरामण ओरडला. तो उल्हासनगरचा गाड्यांचा मिस्त्री. दुसऱ्या कुणाच्या अंगणात अशा वेळी चहा टाकला असता. गोदू ओट्यावर तशीच बसून राहिली. मग उजवा दिवाही लागला.

"म्हंजे दिवे चांगले होते?" तिने विचारलं.

"नदीच्या पाण्यानं गंज धरलेला, तो साफ केला. वायर कुठंच तुटलेली नाय. त्या दिवशी करंट बराबर येत असणार."

बोलून गेल्यावर हिरामणने जीभ चावली. गोदूचा नवरा नाथा टायरला टेकून उभा होता.

ट्रक लष्कराच्या लिलावातला, नाथाच्या बापाने घेतलेला. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारा. कुणाचा टेम्पो चिखलात रुतला की सोनिवलीत नाथाच्या घरी फोन यायचा. पूर आला की त्यांचा मुलगा सनी हाच ट्रक घेऊन मांजर्लीत माणसं काढायला जायचा. गेल्या जुलैत तसाच फोन आला, सनी निघाला आणि काठावरच्या उतारावरून ट्रकसकट उल्हास नदीत गेला. पाणी ओसरल्यावर दोघांनाही वर काढलं.

गावाला लगेच सगळं कळलं. गावाच्या हाताला काम नसलं तरी तोंडाला असतंच. भर पुरात गाडी घालणारा पोरगा त्या एवढ्याशा उतारावर जातोच कसा? गेला नाही, त्याने मुद्दाम घातली.

गोदूला त्याचं कारणही ठाऊक होतं. त्या दिवशी फोन येण्याआधी सनीने अंबरनाथच्या मैत्रेयीचा विषय काढला होता. मुलगी नोकरी करणारी, गुणाची, फक्त जातीतली नव्हती. गोदूचं डोकं फिरलं. "ती या घराचा उंबरा चढली तर मला मेलेली समज. नायतर तू तरी मर!" असं ती बोलून गेली होती. आई रागात काय वाट्टेल ते बोलते आणि पोरं ते कानामागे टाकतात. सनीने टाकलं होतं की नाही, हे आता विचारायचं कुणाला?

ट्रकमध्ये बिघाड निघाला तर सनी अपघाताने गेला. नाही निघाला तर गोदूच्या शब्दाने गेला. तिच्यापुरता हिशेब इतका सरळ होता. तिने जेवण टाकलं. चहाच्या घोटावर जगत होती, इतकी वाळली की अंगावर लुगडं राहत नव्हतं. एकदा नाथाने तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. तेव्हा त्याने हिरामणला बोलावलं आणि तिला म्हणाला, "एकेक पार्ट खोलून बघतो. सापडंल काहीतरी."

ब्रेक बघितले, ते नीट धरत होते. स्टिअरिंग चोख निघालं. आता दिवेही. ट्रक जसजसा निर्दोष ठरत होता तसतशी गोदू खचत होती.

"आता काय राह्यलं?" तिने विचारलं.

"पुढची चाकं," नाथा म्हणाला. "चारी ओढत होती की मागची दोनच, ते बघायचं. पुढची ओढत नसतील तर त्या चिखलात ट्रक घसरणारच. त्याला सनी तरी काय करणार?"

दोघांनी ओंडके घालून ट्रक उचलायला घेतला. गोदूला ते बघवेना. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बाहेर इंजिन सुरू झालं, बराच वेळ धडधडलं, मग बंद झालं. हिरामण निघून गेला. नाथा आत येऊन हात धूत बसला.

"काय झालं, अवो?"

"अंधार पडला. उद्या बघू."

सकाळी तिला जाग आली ती त्याच्या हाकेनं. नाथा ट्रकशेजारी जमिनीवर बसला होता, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला.

"गोदू, वाक. खाली बघ."

तिने वाकून बघितलं. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लांब लोखंडी शाफ्ट जागेवर नव्हता.

तो उन्हाळ्यात काढून ठेवायची नाथाच्या बापापासूनची रीत होती. सुक्या रस्त्यावर उगाच डिझेल खातो, टायर झिजवतो. पावसाच्या तोंडावर परत बसवायचा. हे गोदूलाही ठाऊक होतं.

"त्या पावसाआधी बसवायचा राह्यला," नाथा म्हणाला. "सनीला वाटलं बसवलाय. त्यानं पुढच्या चाकांचा लिव्हर टाकला असंल, पन चाकं ओढणार कशी? लई धडपडला असंल गं. तुझ्या बोलण्यानं नाय गेला तो. मी मारला त्याला."

गोदू त्याच्यावर धावली.

"हात झडले नाय तुमचे! माझं सोन्यासारखं पोर!" दोन्ही मुठींनी ती त्याच्या छातीवर, तोंडावर मारत सुटली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. नाथाने एकदाही हात आडवा धरला नाही. दमल्यावर ती म्हणाली, "आजपासून तुमचं तोंड बघायचं नाय मला. मरेपर्यंत नाय."

"नको बघू," नाथा म्हणाला.

ती आत गेली. बऱ्याच वेळाने परातीचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. एकटीपुरतीच थापली असावी. मोठ्याने रडत रडत ती जेवायला बसली.

एवढ्यात हिरामण आला. ट्रक ओंडक्यांवरून उतरवायचा म्हणून तो खाली वाकला आणि तसाच ताठ झाला.

"काका, शाफ्ट कुठं गेला? काल तर जागेवर होता. चारी चाकं मस्त फिरली, तुम्ही स्वतः बघितली ना!"

नाथाने घराच्या दाराकडे बघितलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "ती जेवतेय."