जना गाणार नाही

जैतूने मानाचं लुगडं जनासमोर ठेवलं, त्यावर नारळ ठेवला आणि तो ओटीच्या खांबाला टेकून बसला.

जना नाचणी पाखडत होती. सूप हलतच राहिलं.

"आत्या, आमच्या चिमीचं लगीन धरलंय. पुढल्या महिन्यात. धवला तूच गायचा."

डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर लग्नाला भटजी येत नाही, धवलेरी येते. ती मांडवात बसून धवला गाते आणि लग्न लागतं. ती गायली नाही, तर वाजंत्री वाजोत, पंगती उठोत, नवरा-नवरी आपापल्या घरी. पाड्यावरची निम्मी लग्नं जनानेच लावली होती. जैतूचंही.

"चिमी कितवीला हाय?"

"नववीला. सोळावं लागलंय तिला."

"मग मी नाय गायची."

जैतूला ती थट्टा वाटली. तो हसला. जना हसली नाही, तेव्हा तो स्थळाबद्दल सांगू लागला. भगीरथचा मुलगा, दीपेश. वाशिंदला कंपनीत कामाला. दारूला शिवत नाही. घरावर स्लॅब आहे.

"पोरगा चांगलाच असेल," जना म्हणाली. "पोरगी लहान हाय."

"माझ्या मांडवात गायलीस, तवा माझी प्रेमा केवढी होती?"

सूप थांबलं.

"चिमीएवढीच. तिचं पयलं पोर जगलं नाय. दुसऱ्या येळी तीच जाता जाता राहिली. विसरलास?"

शहापूरच्या दवाखान्याबाहेर फरशीवर बसून काढलेली ती रात्र जैतू विसरला नव्हता. पण आज ती आठवायला तो आला नव्हता. त्याने लुगडं-नारळ उचलला आणि ताडकन उठला.

"तू एकटीच धवलेरी हायेस का? मी मुरबाडकडची गोजर आणीन."

"आण. पण आधी इचार तिला. म्हसा गावच्या जत्रेत आमी साऱ्या धवलेरी एका जागी बसलो होतो. गोजर होती, अंगणवाडीची भाग्यश्री होती. अठरा भरल्याबिगर कोणाच्याच मांडवात गायचं नाय, असं देवाच्या दारात ठरलंय. गोजरनं तर सख्ख्या भाच्याचं लगीन बी परत धाडलं."

जैतू अंगणात उतरला होता. तिथेच थांबला. पुढे कुठे जायचं ते त्याला सुचेना. मग तो पायरीवरच बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"आत्या, मला काय हौस हाय का गो? आमी दोघं वीटभट्टीला. होळीला आलो, परत जायचं. मे महिन्यात आश्रमशाळा सुटते नि ही घरात एकटी. मागच्या सुट्टीत संध्याकाळी दाराशी पोरं येऊन उभी राहायची. मला फोनवर कळायचं. मी तिकडं चिखलात उभा. काय करू, सांग ना. लगीन लागलं म्हणजे तिला घर मिळेल, एवढंच बघितलं मी."

जनाने सूप बाजूला ठेवलं. हात झटकले. ती येऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"हे पयलं का नाय सांगितलंस?"

"काय सांगू? बापाला पोर सांभाळता येत नाय, असं?"

"सुट्टीत चिमी माझ्याकडं राहील. माझ्या बाजूला निजेल. मी लग्नाला गेले तर माझ्यासंगं येईल. दाराशी कोण उभा राहतो ते मी बघते."

"एक सुट्टी नाय आत्या. बारावीपर्यंत किती सुट्ट्या येतील."

"येऊ देत. सगळ्या येऊ देत."

कुंपणापाशी प्रेमा उभी होती. जैतूच्या मागोमाग ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. ती पुढे आली आणि तिने जैतूच्या हातातून लुगडं-नारळ काढून घेतला.

"भगीरथभाऊंकडं मी सांगाया जाते. तुमाला नाय जमायचं."

"काय सांगशील?"

"धवलेरी गात नाय, असं सांगीन. बाकी त्यांना समजायचं ते समजेल."

ती गेलीसुद्धा. तिच्या पाठीकडे बघत जना म्हणाली, "मी गायले तवा मांडवात वर मान नव्हती केली हिनं." जैतूला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दीपेशच्या आईचा फोन आला. जैतूने तो कानापासून जरा लांबच धरला, कारण बाई जोरात बोलायच्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. काळजीत होत्या.

"आमी थांबतो, भाऊ. पोराचं वय बी काय पळून नाय जात. पण एक सांगा. तुमची पोरगी बारावी झाली, नि आमच्या दीपेशला नको म्हणाली तं?"

जैतूने ओटीकडे पाहिलं. होळीच्या सुट्टीला आलेली चिमी पाय लांब करून बसली होती आणि इंग्रजीचा धडा मोठमोठ्याने वाचत होती. एका शब्दावर अडखळली, मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"म्हणाली तं म्हणाली," जैतू म्हणाला.