सोलापूरची तिसरी वाट

बसवकल्याणच्या टेलिफोन केंद्रात अंबाजी ऑपरेटर होता. तिथून सोलापूरला दोन वाटांनी फोन लागायचा. उमरग्यावरून जवळची वाट; ती अडली, तर गुलबर्ग्यावरून लांबची. कोणती घ्यायची, ते अंबाजी ठरवायचा.

१९७२ सालच्या एका दुपारी वावटळीनं दोन्ही वाटांवरचे खांब आडवे केले. समोरच्या बाकावर मुडबीची नागूबाई बसून होती. तिच्या नवऱ्याचं सोलापुरात ऑपरेशन होतं.

"दोन्ही तारा तुटल्यात, अक्का. आज न्हाई लागायचा."

"बगा की अण्णा, अजून एखादी वाट."

तेवढ्यात बोर्डावरच्या एका रिकाम्या घराची झडप खाली पडली, म्हणजे कुणाचा तरी फोन आला. त्या घरामागं तारच नव्हती. तरीही अंबाजीनं जोडणीची दोरी त्यात खोचली.

"कोन बोलायलंय?"

"बसवकल्याण. अंबाजी बोलायलाव," पलीकडून त्याचाच आवाज आला. "सोलापूर लागलंय. जोडू का?"

त्या आवाजामागं एक बाई हंबरडा फोडून रडत होती. रडणं नागूबाईचं होतं.

अंबाजीनं मान वळवली. नागूबाई बाकावर गप बसली होती.

"लागला का, अण्णा?" तिनं विचारलं.